व्यावसायिक नेटवर्किंग संकेतस्थळांवरील सूचनांचा अतिरेक

लिंक्डइन, क्सिंग यांसारख्या संकेतस्थळांकडून वापरकर्त्याला सूचना, ईमेल, निमंत्रणे व शिफारशी सतत मिळत असतात. त्यांची संख्या इतकी वाढते, की उपयुक्त सूचना निरुपयोगी सूचनांपासून वेगळी ओळखणे कठीण होते. या स्थितीस व्यावसायिक नेटवर्किंग संकेतस्थळांवरील सूचनांचा अतिरेक असे म्हणतात. बोलीभाषेत सूचनांना 'नोटिफिकेशन' हा शब्द रूढ आहे. फीडमधील असंबद्ध पोस्ट, अनोळखी व्यक्तींची निमंत्रणे आणि इनबॉक्समध्ये साचलेले जाहिरातवजा संदेश यांचाही या अतिरेकात समावेश होतो.

हा प्रश्न सर्वच समाजमाध्यमांवर आढळतो. मात्र व्यावसायिक संकेतस्थळांवर त्याचे स्वरूप काहीसे वेगळे असते. मनोरंजनाच्या माध्यमावरील सूचना बंद केल्यास फारसे नुकसान होत नाही. व्यावसायिक संकेतस्थळावर मात्र मुलाखतीचे बोलावणे, भरती अधिकाऱ्याचा प्रश्न किंवा जुन्या सहकाऱ्याचा संदेश त्याच ढिगाऱ्यात असू शकतो. त्यामुळे सर्व सूचना चालू ठेवणे जसे त्रासदायक ठरते, तसे सर्व सूचना बंद करणेही जोखमीचे ठरते. अतिरेक कमी करण्याचे बहुतेक उपाय म्हणूनच सूचनांची वर्गवारी करणे आणि त्या पाहण्याची वेळ ठरवणे या दोन तत्त्वांवर आधारलेले आहेत.

पार्श्वभूमी

माहितीच्या अतिरेकाची चर्चा इंटरनेटच्या प्रसारापूर्वीपासून चालत आलेली आहे. अमेरिकन लेखक ॲल्विन टॉफ्लर यांच्या १९७० मधील 'फ्यूचर शॉक' या पुस्तकामुळे ही संकल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले, की माहिती विपुल झाली म्हणजे ती ग्रहण करणाऱ्यांचे लक्ष दुर्मीळ होते. म्हणून माहिती मिळवण्याइतकेच लक्षाचे वाटप करणे महत्त्वाचे आहे. सूचनांच्या अतिरेकाविषयीच्या आजच्या विवेचनाचा पाया याच विचारात आहे.

लिंक्डइनची स्थापना २००२ च्या अखेरीस अमेरिकेत झाली आणि ५ मे २००३ रोजी संकेतस्थळ सुरू झाले. त्याच वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ओपनबीसी हे संकेतस्थळ सुरू झाले. ते पुढे क्सिंग या नावाने ओळखले जाऊ लागले. आरंभीच्या काळात या संकेतस्थळांचा वापरकर्त्याशी होणारा संपर्क मुख्यत्वे ईमेलद्वारे होत असे. २००९ मध्ये ॲपलने आयफोनसाठी पुश सूचनांची सेवा सुरू केली आणि त्यानंतर अँड्रॉइडवरही तशी सोय झाली. ॲप उघडलेले नसतानाही पडद्यावर संदेश झळकवणे त्यामुळे शक्य झाले. एकाच घटनेची सूचना संकेतस्थळावरील घंटेच्या चिन्हावर, फोनच्या पडद्यावर आणि ईमेलमध्ये अशी तीन ठिकाणी मिळू लागली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिंक्डइन विकत घेण्याचा २६.२ अब्ज डॉलरचा व्यवहार पूर्ण केला.

वापरकर्त्यांच्या संख्येनुसार भारत ही लिंक्डइनची अमेरिकेखालोखाल दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ आहे. भारतातील सदस्यसंख्येने २०२३ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला. संकेतस्थळाची मांडणी डिसेंबर २०२१ मध्ये हिंदीत आणि २०२४ मध्ये मराठीसह आणखी काही भारतीय भाषांत उपलब्ध झाली.

सूचनांचे प्रकार

व्यावसायिक संकेतस्थळांवरील सूचना त्या कोणाच्या हेतूने निर्माण झाल्या, यावरून ढोबळमानाने चार प्रकारांत विभागता येतात.

व्यक्तीने उद्देशून पाठवलेल्या सूचना: थेट संदेश, ओळखीच्या व्यक्तीचे निमंत्रण, पोस्टमधील नामोल्लेख, स्वतःच्या लेखनावरील प्रतिक्रिया. यांमागे प्रत्यक्ष एखादी व्यक्ती असते आणि तिला बहुधा उत्तराची अपेक्षा असते.

वापरकर्त्याने मागितलेल्या सूचना: ठरावीक पदाच्या किंवा शहरातील नोकऱ्यांचे इशारे, केलेल्या अर्जाची स्थिती, फॉलो केलेल्या कंपनीच्या घोषणा.

यंत्रणेने निर्माण केलेल्या सूचना: संपर्कातील व्यक्तीचा वाढदिवस, नोकरीतील वर्षपूर्ती, 'या व्यक्ती तुमच्या ओळखीच्या असू शकतात' अशा शिफारशी, एखाद्याने दुसऱ्याच्या पोस्टला दिलेल्या प्रतिसादाची वार्ता, प्रोफाइल किती जणांनी पाहिले याचा आकडा. या कोणी मुद्दाम पाठवलेल्या नसतात. संकेतस्थळ त्या आपोआप तयार करते.

व्यापारी सूचना: जाहिरातदारांचे संदेश, सशुल्क सदस्यत्वाची आमिषे, अभ्यासक्रम व कार्यक्रमांची निमंत्रणे.

पहिल्या दोन प्रकारांतील सूचना संख्येने कमी, पण महत्त्वाने अधिक असतात. सर्व प्रकारच्या सूचना मात्र घंटेच्या एकाच चिन्हाखाली, एकाच लाल आकड्यात मोजल्या जाऊ शकतात. त्या आकड्यावरून आत कोणत्या प्रकारची सूचना आहे हे कळत नाही आणि ते पाहण्यासाठी संकेतस्थळ उघडावेच लागते.

अतिरेकाची कारणे

व्यवसायाचे गणित: या संकेतस्थळांचे उत्पन्न भरतीविषयक सेवा, जाहिराती आणि सशुल्क सदस्यत्व यांतून येते. वापरकर्ते जितक्या वेळा संकेतस्थळावर परततील, तितक्या जाहिराती दिसतात आणि भरती करणाऱ्या कंपन्यांना संकेतस्थळ तितके मोलाचे वाटते. नोकरी न शोधणाऱ्या माणसाला संकेतस्थळावर रोज येण्याचे स्वाभाविक कारण नसते; सूचना ते कारण पुरवते.

पूर्वनिश्चित मांडणी: नवे खाते उघडल्यावर बहुतेक प्रकारच्या सूचना आधीपासूनच चालू असतात. त्या बंद करण्यासाठी वापरकर्त्याला अनेक पानांमधून जावे लागते. पूर्वनिश्चित पर्याय बदलण्याचे कष्ट बहुसंख्य लोक घेत नाहीत, हे वर्तनशास्त्रातील सुपरिचित निरीक्षण आहे. शिवाय संकेतस्थळाने नवी सुविधा आणली, की तिच्या सूचनांचा नवा प्रकार जुन्या यादीत येऊन मिळतो.

अनिश्चित लाभाचे आकर्षण: प्रत्येक सूचना उपयुक्त असती, तर ती पाहण्याची वेळ ठरवता आली असती, एकही उपयुक्त नसती, तर तिकडे दुर्लक्ष करता आले असते. अनेक निरर्थक सूचनांमध्ये अधूनमधून एखादी मोलाची निघते, त्यामुळे तपासत राहण्याची सवय लागते. अनियमित अंतराने मिळणारे बक्षीस सवय सर्वाधिक टिकवते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसून आले होते.

वापरकर्त्यांचा वाटा: अतिरेकाला केवळ संकेतस्थळे कारणीभूत नसतात. ओळख नसलेल्यांची निमंत्रणे सरसकट स्वीकारणे, संपर्कांच्या संख्येला प्रतिष्ठेचे मोजमाप मानणे, तयार मजकुराच्या एका कळीने शेकडो जणांचे अभिनंदन करणे, अनेकांना पोस्टमध्ये टॅग करणे या सवयींमुळे प्रत्येक वापरकर्ता इतरांसाठी सूचना निर्माण करत असतो. लिंक्डइनवर एका व्यक्तीला ३०,००० पर्यंत थेट संपर्क ठेवता येतात. इतक्या लोकांच्या हालचालींची वार्ता कोणालाही उपयोगी पडणे शक्य नसते.

परिणाम

लक्ष आणि काम

सूचना न उघडताही तिचा कामावर परिणाम होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांच्या प्रयोगात एकाग्रता लागणारे काम करत असताना ज्यांच्या फोनवर सूचना आली, त्यांनी फोन हाती न घेताही त्यांच्या कामातील चुका वाढल्याचे आढळले. सूचनेमुळे मन कामावरून अन्यत्र जाते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात व्यत्यय आलेल्या व्यक्तींनी काम उलट अधिक वेगाने संपवले. परंतु अवघ्या २० मिनिटांच्या अशा कामानंतर त्यांचा ताण, वैताग व कामाचा दाब वाढलेला आढळला. म्हणजेच व्यत्ययाची किंमत नेहमी वाया गेलेल्या वेळेत दिसते असे नाही. ती काम करणाऱ्याच्या मनःस्थितीत दिसू शकते.

हुकलेल्या संधी

सततच्या सूचनांमुळे वापरकर्ता हळूहळू त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. रुग्णालयांतील यंत्रांच्या सततच्या गजरांबाबत ही प्रवृत्ती वैद्यकक्षेत्रात 'गजरथकवा' या अर्थाच्या संज्ञेने ओळखली जाते. व्यावसायिक संकेतस्थळावर तिचा फटका मुख्यतः नोकरी शोधणाऱ्यांना बसतो. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी कॅम्पस मुलाखतींच्या सुमारास खाते उघडतात आणि अल्पावधीत शेकडो संपर्क जोडतात. त्यानंतर आलेला भरती अधिकाऱ्याचा संदेश अभ्यासक्रमांच्या जाहिराती आणि वर्षपूर्तीच्या वार्तांखाली दबला, तर उत्तराची मुदत उलटून जाऊ शकते. ज्याला सूचनेची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वाधिक गोंगाट येतो.

फसवणुकीचा धोका

ज्या संकेतस्थळाकडून रोज अनेक ईमेल येतात, त्याच्या नावाने आलेला बनावट ईमेल सहज खपून जातो. 'चेक पॉइंट' या सायबरसुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार २०२२ च्या पहिल्या तिमाहीत प्रसिद्ध नाममुद्रांची नक्कल करून झालेल्या फसवणुकीच्या प्रयत्नांपैकी ५२ टक्के प्रयत्नांत लिंक्डइनचे नाव वापरले गेले होते. 'तुमचे प्रोफाइल पाहिले गेले' अशा नेहमीच्या सूचनेची हुबेहूब प्रतिकृती पाठवून पासवर्ड काढून घेणे, ही त्यातील प्रचलित पद्धत आहे. ईमेलद्वारे येणाऱ्या सूचना पूर्णपणे बंद असतील, तर त्या नावाने आलेला ईमेल आपोआप संशयास्पद ठरतो.

पर्किन्स विरुद्ध लिंक्डइन

सूचनांच्या अतिरेकाविषयी न्यायालयात गेलेला सर्वाधिक चर्चित खटला म्हणजे 'पर्किन्स विरुद्ध लिंक्डइन'. तो सप्टेंबर २०१३ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दाखल झाला. संपर्क वाढवण्याच्या एका सुविधेद्वारे वापरकर्त्याच्या ईमेल खात्यातील पत्त्यांवर त्याच्या नावाने निमंत्रणे जात असत आणि ती स्वीकारली न गेल्यास त्याच्याच नावाने आणखी दोन स्मरणपत्रे जात. २०१४ मध्ये न्यायाधीश लूसी कोह यांनी पहिले निमंत्रण आणि नंतरची स्मरणपत्रे यांत भेद केला. पहिल्या निमंत्रणाला वापरकर्त्यांनी संमती दिली होती. स्मरणपत्रांना तशी संमती होती असे दिसत नाही, म्हणून त्यांबाबतचा दावा पुढे चालू शकतो, असा त्यांचा निर्णय होता. कंपनीने आपण गैर काही केल्याचे मान्य केले नाही. मात्र २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. एकदा दिलेली संमती पुढील प्रत्येक संदेशाला लागू होत नाही, हा मुद्दा या खटल्यामुळे ठळक झाला.

जुलै २०१५ मध्ये लिंक्डइनने स्वतःहून ईमेलची संख्या कमी केल्याचे जाहीर केले. पूर्वीच्या प्रत्येक १० ईमेलपैकी ४ बंद केल्याचे कंपनीने सांगितले.

अतिरेक कमी करण्याचे उपाय

सूचनांची छाननी: बहुतेक संकेतस्थळांच्या सेटिंग विभागात सूचनांचे प्रकार आणि त्या मिळण्याचे मार्ग, म्हणजे संकेतस्थळावर, फोनवर व ईमेलने, स्वतंत्रपणे निवडता येतात. व्यक्तीने उद्देशून पाठवलेल्या सूचना फोनवर चालू ठेवणे, मागितलेल्या सूचना दिवसातून एकदा ईमेलने घेणे आणि यंत्रणेच्या व व्यापारी सूचना बंद करणे, ही विभागणी सर्वसाधारणपणे सोयीची ठरते. एका सूचनेसाठी एकच मार्ग ठेवल्यास पुनरावृत्ती टळते.

नोकरीचे इशारे नेमके करणे: 'अभियंता, भारत' असा व्यापक इशारा रोज असंख्य जाहिराती आणतो. पद, शहर, अनुभवाची वर्षे यांनुसार तो मर्यादित केल्यास संख्या घटते आणि सुसंबद्धता वाढते. ज्यांना नोकरी तातडीने बदलायची नाही, त्यांना दैनिक इशाऱ्याऐवजी साप्ताहिक इशारा पुरेसा असतो.

संपर्क आणि फॉलो यांतील भेद: लिंक्डइनवर एखाद्या व्यक्तीशी संपर्क जोडला, की तिच्या पोस्टही फीडमध्ये येऊ लागतात. परंतु संपर्क कायम ठेवून केवळ फॉलो करणे थांबवता येते. समोरील व्यक्तीला त्याची सूचना जात नाही. त्यामुळे संबंध न तोडता फीड हलके करता येते. याउलट, मोजक्या व्यक्तींच्या प्रोफाइलवरील घंटेचे चिन्ह वापरून त्यांच्या पोस्टची सूचना मागवता येते. फीड संबद्धतेऐवजी कालक्रमाने लावण्याचा पर्यायही उपलब्ध आहे.

निमंत्रणांवर मर्यादा: आपला ईमेल पत्ता ठाऊक असणाऱ्यांनाच निमंत्रण पाठवता यावे, अशी अट घालता येते. कंपन्यांची पाने, कार्यक्रम व वार्तापत्रे यांची निमंत्रणे वेगळी बंद करता येतात.

संदेशांमधील फरक: जाहिरातदारांचे प्रायोजित संदेश आणि संपर्कात नसलेल्या सदस्यांनी पाठवलेले सशुल्क इनमेल संदेश यांची नियंत्रणे वेगळी आहेत. भरती अधिकारी बहुधा इनमेलचाच वापर करतात; त्यामुळे नोकरी शोधणाऱ्याने पहिला प्रकार बंद करून दुसरा चालू ठेवणे हिताचे असते. २०२२ मध्ये लिंक्डइनने इनबॉक्सचे 'प्रमुख' व 'इतर' अशा अर्थाचे दोन भाग केले. ही विभागणी यंत्र करत असल्यामुळे 'इतर' भागही अधूनमधून तपासावा लागतो.

फोनवरील नियंत्रणे: अँड्रॉइडच्या २०१७ मधील आठव्या आवृत्तीपासून एकाच ॲपच्या वेगवेगळ्या प्रकारच्या सूचना स्वतंत्रपणे बंद करता येतात. २०२२ मधील तेराव्या आवृत्तीपासून नव्या ॲपला सूचना पाठवण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी मागावी लागते. आयफोनवर २०२१ पासून कमी तातडीच्या सूचना एकत्र करून ठरलेल्या वेळी दाखवण्याची सोय आहे. ॲपच्या चिन्हावरील लाल आकडा बंद केल्यानेही वारंवार तपासण्याची ओढ कमी होते.

इतरांचा विचार: प्रोफाइलमधील किरकोळ दुरुस्ती संपर्कातील सर्वांना कळू नये, यासाठी ती करण्यापूर्वी बदल जाहीर करण्याचा पर्याय बंद ठेवता येतो. अनावश्यक टॅग टाळणे आणि निमंत्रणासोबत ओळखीचा एक-दोन ओळींचा मजकूर जोडणे, यांमुळे प्राप्तकर्त्याचा वेळ वाचतो.

सूचना एकत्रित पाहणे

सूचना जशा येतील तशा पाहाव्यात, ठरावीक वेळी पाहाव्यात की पूर्ण बंद ठेवाव्यात, या प्रश्नाचा अभ्यास भारतातील स्मार्टफोन वापरकर्त्यांवर झालेला आहे. २०१९ मध्ये 'कॉम्प्युटर्स इन ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २३७ व्यक्तींनी दोन आठवडे भाग घेतला. ज्यांना सूचना दिवसातून तीन वेळा एकत्रित मिळाल्या, त्यांनी अधिक एकाग्रता, अधिक उत्पादकता व चांगली मनःस्थिती नोंदवली. ज्यांच्या सूचना पूर्णपणे बंद केल्या, त्यांना हे लाभ फारसे मिळाले नाहीत. उलट त्यांची चिंता आणि काही हुकत असल्याची भीती वाढली.

व्यावसायिक संकेतस्थळांच्या संदर्भात हा निष्कर्ष विशेष लागू पडतो. भरतीविषयक संदेशांना सामान्यतः काही तासांच्या आत उत्तर दिले तरी चालते. काही सेकंदांत उत्तर देण्याची गरज क्वचितच असते. सकाळ, दुपार व सायंकाळ अशा तीन वेळा इनबॉक्स पाहणाऱ्याची संधी त्यामुळे सहसा हुकत नाही. मुलाखत ठरण्याच्या बेतात असेल, त्या काळापुरती थेट संदेशांची सूचना तत्काळ मिळेल अशी सोय ठेवता येते.

कायदे व नियमन

अमेरिकेतील २००३ च्या 'कॅन-स्पॅम' कायद्यानुसार व्यापारी ईमेलमध्ये तो थांबवण्याचा मार्ग देणे बंधनकारक आहे आणि तशी विनंती १० कामकाजाच्या दिवसांत अमलात आणावी लागते. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या सर्वसाधारण विदा संरक्षण नियमावलीनुसार थेट विपणनासाठी वैयक्तिक माहिती वापरण्यास हरकत घेण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. कायद्याबाहेर, गूगल व याहू या कंपन्यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना विपणनाच्या ईमेलमध्ये एका कळीने सदस्यत्व रद्द करण्याची सोय सक्तीची केली.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ रचनांच्या त्यातील यादीत व्यापारी लाभासाठी पुनःपुन्हा विनंत्या करून व्यत्यय आणणे, म्हणजेच पिच्छा पुरवणे, याचाही समावेश आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, अशी तरतूद आहे.

याच्याशी निगडित पण वेगळा विषय म्हणजे कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा अधिकार. फ्रान्समध्ये तो जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये या विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. हा अधिकार मालकाकडून येणाऱ्या संपर्कापुरता असतो. नेटवर्किंग संकेतस्थळावरील सूचना त्याच्या कक्षेत येत नाहीत.

मर्यादा

वर उल्लेखिलेल्या उपायांचा भार बहुतांशी वापरकर्त्यावर पडतो. सेटिंगची रचना वेळोवेळी बदलते आणि नव्या प्रकारच्या सूचना आपोआप चालू होतात, त्यामुळे एकदा केलेली छाननी काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. वर्गवारी यंत्रावर सोपवल्यास महत्त्वाचा संदेश चुकीच्या भागात जाण्याची शक्यता राहते. सूचना एकत्रित पाहण्याचा उपायही सर्वांना सारखा लागू होत नाही: भरती सल्लागार, विक्री प्रतिनिधी किंवा स्वतंत्र व्यावसायिक यांच्यासाठी तत्पर उत्तर हा कामाचाच भाग असतो.

सर्व सूचना प्रथम बंद असाव्यात आणि वापरकर्त्याने हव्या त्या चालू कराव्यात, अशी रचना केल्यास यांतील अनेक अडचणी दूर होतील. मात्र वापरकर्त्यांच्या वारंवार परतण्यावर संकेतस्थळांचे उत्पन्न अवलंबून असल्यामुळे असा बदल त्यांनी स्वतःहून करण्यास आर्थिक प्रोत्साहन नसते. लिंक्डइनने २०१५ मध्ये केलेली ईमेल कपात वापरकर्त्यांच्या तक्रारी वाढल्यानंतरच झाली होती.

हेही पहा

माहितीचा अतिरेक
लिंक्डइन
सामाजिक माध्यमे
डार्क पॅटर्न
फिशिंग